पार्सल आणायला गेलेल्या डॉक्टरबाई

आम्ही सात-आठ डॉक्टर महिन्यातून एकदा जमतो. सगळे पेशंट बघणारेच, पण प्रत्येकाला व्याख्यानाची नाहीतर पेपरातल्या सदराची चटक लागलेली, कुणी ज्येष्ठ नागरिक संघात गुडघ्यांवर बोलतो, कुणी रोटरीत डायबेटिसवर, एकीचं तर यूट्यूब चॅनल आहे आणि तिला भाजीवाला पण "मॅडम तुमचा कोलेस्टेरॉलचा व्हिडिओ बघितला" म्हणतो. नियम एवढाच की दर वेळी एकाने एक प्रकरण मांडायचं आणि बाकीच्यांनी ते फाडायचं. मागच्या वेळी पाळी माझी होती. मी नॅन्सी स्नायडरमन या अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या डॉक्टरबाईंचं प्रकरण घेतलं, आणि त्यावर जे काय बोलणं झालं ते इथे जरा सविस्तर लिहून ठेवतेय, कारण असं वाटलं की टीव्हीवर, पेपरात, स्टेजवर बोलणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ते कुठे ना कुठे लागू पडतं.

आधी बाई कोण ते सांगते. स्नायडरमन कान-नाक-घशाच्या सर्जन. नेब्रास्का विद्यापीठातून मेडिकल, मग पिट्सबर्गला बालरोग आणि कान-नाक-घसा दोन्हीचं प्रशिक्षण, आणि १९८३ च्या सुमाराला आर्कान्सासमध्ये लिटल रॉकच्या मेडिकल कॉलेजात नोकरी. तिथल्याच एका लोकल चॅनलवर आरोग्यावर बोलायला सुरुवात झाली आणि बाई जमल्या. जमल्या म्हणजे काय, तर कॅमेऱ्यासमोर घाबरत नाहीत, अवघड शब्द सोपा करतात, आणि हातात खराखुरा स्टेथोस्कोप आहे. पुढे एबीसी या मोठ्या नेटवर्कवर जवळजवळ १७ वर्षं. मधेच २००२ मध्ये एक छोटा गोंधळ झाला होता, टायलेनॉल या गोळीच्या रेडिओ जाहिरातीत त्यांचा आवाज आला म्हणून चॅनलने त्यांना आठवडाभर सस्पेंड केलं. (टायलेनॉल म्हणजे आपली पॅरासिटामॉलच, नाव वेगळं.) नंतर त्या टायलेनॉल बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनमध्येच मोठ्या हुद्द्यावर काही वर्षं होत्या आणि २००६ ला एनबीसी चॅनलच्या मुख्य वैद्यकीय संपादक झाल्या. लसींच्या बाबतीत त्या एकदम ठाम, तिथे कुणाला "दोन्ही बाजू" वगैरे करू द्यायच्या नाहीत. म्हणजे उथळ वगैरे अजिबात नव्हत्या, हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं वाचून लोकांना वाटतं की बाई बेफिकीरच असणार.

आता २०१४. पश्चिम आफ्रिकेत गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत इबोला या विषाणूच्या आजाराने थैमान घातलं होतं. ऑगस्टमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली, आणि ती साथ संपेपर्यंत २८,६०० च्या वर लोकांना लागण आणि ११,३०० च्या वर मृत्यू. स्नायडरमन टीम घेऊन लायबेरियाच्या राजधानीत, मनरोव्हियाला गेल्या. ही हिंमतच म्हणायची. तिथे ३० सप्टेंबरला टीमने अशोका मुक्पो नावाचा एक फ्रीलान्स कॅमेरामन कामाला घेतला, जो आधीपासून त्याच देशात काम करत होता. दुसऱ्याच दिवशी, १ ऑक्टोबरला, त्याला ताप आला. २ तारखेला टेस्ट पॉझिटिव्ह.

झालं. मुक्पोला उपचारासाठी अमेरिकेत नेलं, ओमाहाला, नेब्रास्का विद्यापीठाच्याच हॉस्पिटलला, म्हणजे योगायोग बघा, बाईंचंच विद्यापीठ. बाकीची टीम खास विमानाने परत आली. कुणालाच लक्षणं नव्हती. पण संपर्कात तर आलेच होते, एकच गाडी, एकच सामान, एकच कामाची जागा. इबोलाची लक्षणं दिसायला २ ते २१ दिवस लागू शकतात, म्हणून ठरलं की २१ दिवस घरीच राहायचं, लोकांत मिसळायचं नाही, रोज ताप बघायचा. हे सक्तीचं नव्हतं, टीमने आपणहून कबूल केलं होतं. हा "आपणहून" शब्द नीट लक्षात ठेवा, सगळं प्रकरण त्याच्यावर उभं आहे.

बाईंचं घर न्यू जर्सीत, प्रिन्स्टनला. ९ ऑक्टोबर, गुरुवार. जवळच्या होपवेल नावाच्या छोट्याशा गावात एका हॉटेलसमोर काळी मर्सिडीज उभी, आत स्नायडरमन बसलेल्या, डोळ्यांवर गॉगल, केस मागे बांधलेले. बरोबरचा माणूस आत जाऊन पार्सल घेऊन आला. कुणीतरी ओळखलं. टीव्हीवर रोज दिसणारा चेहरा, गॉगलने थोडाच लपतो! तिथल्या स्थानिक बातमीदारीत ते आलं आणि एकदोन दिवसांत देशभर झालं, आणि पार्सलमध्ये सूप होतं हेच पेपरांनी उचलून धरलं त्यामुळे पुढे सगळे "सूपचं प्रकरण" म्हणूनच ओळखायला लागले. न्यू जर्सीच्या आरोग्य खात्याने लगेच दुसऱ्या दिवशी हुकूम काढला, आता हे घरी राहणं ऐच्छिक नाही, सक्तीचं, २२ ऑक्टोबरपर्यंत. (१ तारखेपासून २१ दिवस मोजले तर बरोबर २२ येतं, हिशोब साधा आहे.)

आमच्या मीटिंगमध्ये मी इथे थांबले आणि विचारलं, चुकलं का? तर सात जणांपैकी चार जण म्हणाले वैद्यकीयदृष्ट्या काहीच चुकलं नाही. आणि ते बरोबरच आहे. इबोला हवेतून पसरत नाही, ज्याला लक्षणं आहेत अशा माणसाच्या रक्त, उलटी, जुलाब, घाम असल्या स्रावांच्या थेट संपर्कातून पसरतो. लक्षणं नसलेली बाई बंद गाडीत बसली तर फुटपाथवरच्या माणसाला धोका शून्य. आमचे फिजिशियन मित्र तर म्हणाले की उलट लोकांची भीतीच अडाणीपणाची होती आणि डॉक्टरने अडाणीपणापुढे वाकू नये.

मी म्हटलं थांब, त्या आठवड्यात तिथे काय चाललं होतं ते बघ. डॅलसला लायबेरियाहून आलेले थॉमस एरिक डंकन नावाचे गृहस्थ ८ ऑक्टोबरला इबोलाने गेले, म्हणजे पार्सलच्या आदल्याच दिवशी. अमेरिकेत निदान झालेला तो पहिला पेशंट. मग ११-१२ ऑक्टोबरला त्यांची सेवा करणाऱ्या एका नर्सला लागण झाल्याचं कळलं, नंतर दुसऱ्या नर्सला, आणि ती दुसरी तर आदल्या दोन-तीन दिवसांत विमानाने प्रवास करून आलेली. हॉस्पिटलमध्ये सगळी काळजी घेतोय असं म्हणता म्हणता नर्सना होतंय, मग टीव्हीवरच्या डॉक्टरने "काही होत नाही" म्हटलेलं लोकांनी का ऐकावं?

आणि दुसरं. त्या ज्या देशातून बातम्या देऊन आल्या तिथे घरी बसवणं कसं चाललं होतं? मनरोव्हियातच वेस्ट पॉइंट नावाची समुद्राकाठची दाट झोपडपट्टी आहे, ती २० ऑगस्टला सरकारने चारी बाजूंनी बंद केली, काटेरी तारा, पोलीस, सैनिक. माणसं आत अडकली, जेवणाचे हाल, दगडफेक झाली, गोळीबार झाला आणि एक शाळकरी वयाचा मुलगा गेला. दहा दिवसांनी वेढा उठवला. तिथल्या माणसाला कुणी "आपणहून" विचारलं नव्हतं. आणि न्यू जर्सीत विचारलं, विश्वास ठेवला, तर दिलेला शब्द एका पार्सलपुरता पण टिकला नाही. हे मी जरा चिडूनच बोलले, मान्य आहे.

आरोग्य खात्याचं काम मुळात लोकांच्या सहकार्यावर चालतं हो. प्रत्येक घरासमोर पोलीस उभा करता येत नाही. आपण २०२० मध्ये बघितलंच की, मार्चमध्ये महाराष्ट्रात घरी राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईचा शिक्का मारत होते, आणि तरी तो शिक्का घेऊन माणसं गरीबरथमध्ये बसली आणि पालघरला उतरवावी लागली. त्यांनाही स्वतःला बरंच वाटत असणार. "मला काही झालेलं नाहीये" हे वाक्य तेव्हा किती जणांकडून ऐकलं, त्यात शिकलेले जास्त. त्या वेळी मी फोनवर पेशंटना कळवळून सांगत होते की तुम्हाला काय वाटतं त्याचा प्रश्नच नाही, दिवस पूर्ण करा. मग ज्याला खरंच शास्त्र माहीत आहे त्याने स्वतःपुरती सूट घेतली की उरलेल्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं? उलट शास्त्र माहीत असल्यामुळेच सूट घ्यायचा मोह जास्त होतो, हा आपल्या धंद्यातला खास रोग आहे.

माझाच किस्सा सांगते. गेल्या वर्षी एका महिला मंडळात बीपी आणि मीठ यावर पाऊण तास बोलले, पापड, लोणचं, फरसाण सगळ्यांचा नाव घेऊन उद्धार केला. कार्यक्रम संपला, आयोजकांनी डिश हातात दिली, दोन बटाटेवडे, शेव आणि वर तळून मीठ लावलेली मिरची. सकाळपासून ओपीडी करून आलेली, भूक लागलेली, मी मिरची उचलली. पुढच्या रांगेत बसलेल्या एक आजी काठी टेकत टेकत जवळ आल्या, माझ्या डिशकडे बघितलं आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "खा हो डॉक्टर, तुमचं बीपी नॉर्मल असेल."

आणि खरंच नॉर्मल आहे माझं बीपी! पण त्या मिरचीचं काय करायचं ते मला कळेना. आजींना मी काय सांगणार, की माझा सोडियमचा हिशोब वेगळा आहे? त्या दिवशी त्यांनी पाऊण तासाचं भाषण एका मिरचीवर तोललं आणि त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

असो. परत न्यू जर्सीला. १३ ऑक्टोबरला बाईंचं निवेदन एनबीसीच्या रात्रीच्या बातम्यांत वाचून दाखवलं गेलं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात अभ्यासण्यासारखा भाग तो, सूप नाहीच. निवेदनाचा मतलब असा: ऐच्छिक विलगीकरणात असताना आमच्या गटातल्या काहींनी त्या सूचनांचा भंग केला, आता ते सक्तीचं झालंय हे आम्हाला समजतं, आम्ही सगळे ठणठणीत आहोत, ताप नाही, एक वैद्यकीय व्यावसायिक म्हणून मला माहीत आहे की आमच्यापासून लोकांना धोका नाही, पण या प्रसंगाने जी काळजी निर्माण झाली त्याबद्दल मला अत्यंत खेद आहे.

यात "मी" कुठे कुठे येतो ते बोट ठेवून बघा. मला माहीत आहे, तिथे मी. मला खेद आहे, तिथेही मी. पण नियम मोडला तिथे? तिथे "आमच्या गटातल्या काहींनी". गाडीत कोण बसलं होतं, तर गट! आणि खेद कशाचा, तर लोकांना काळजी वाटली त्याचा, म्हणजे जवळजवळ लोकांचीच चूक की ते घाबरले. आपल्याकडे कपबशी फुटली की मूल म्हणतं "कप फुटला", "मी फोडला" म्हणत नाही, तसलंच हे. शब्द न् शब्द तपासून घेतलेलं निवेदन असणार ते, आणि मला वाटतं त्या तपासण्यानेच घात केला. लोकांनी सूप माफ केलं असतं बहुतेक, हे केलं नाही.

आणि मधलं "मला माहीत आहे धोका नाही" हे वाक्य बघा. मजकूर खरा आहे, पण जागा चुकीची. तेच वाक्य कॅमेरामन आजारी पडल्यावर पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर आरोग्य पत्रकारिता झाली असती. पकडल्यावर सांगितलं की सबब होते.

चॅनलची पण पंचाईत झाली. त्यांची मुख्य वैद्यकीय संपादकच बातमी होऊन बसलेली, मग इबोलावर बोलायचं कुणी? २२ ऑक्टोबरला मुदत संपली (त्याच दिवशी मुक्पो बरा होऊन ओमाहाच्या हॉस्पिटलमधून बाहेर पडला, त्याचा आनंद या गदारोळात कुणाला फारसा झाल्याचं दिसलं नाही), पण बाई लगेच पडद्यावर आल्या नाहीत. आल्या डिसेंबरच्या सुरुवातीला, सकाळच्या कार्यक्रमात, आणि तिथे मात्र सरळ माफी मागितली. चांगल्या माणसांकडूनही चुका होतात, मी जे कबूल केलं होतं आणि लोकांची जी अपेक्षा होती त्याच्या बाहेर मी पाऊल टाकलं, असं काहीसं. शिवाय दोन टोप्यांचं बोलल्या, एक डॉक्टरची आणि एक पत्रकाराची, आणि देशातली माणसं किती घाबरलेली आहेत याचा अंदाज आपल्याला यायला हवा होता असंही. इथे "मी" आला बघा शेवटी. पण सात-आठ आठवडे उशिरा. मार्च २०१५ मध्ये त्यांनी एनबीसी सोडलं, वैद्यकीय शिक्षणाकडे परत जातेय म्हणाल्या, आणि इबोलाच्या वार्तांकनात आपणच बातमीचा भाग झालो याचाही त्या निर्णयात वाटा आहे हे त्यांनी स्वतःच सांगितलं. गंमत म्हणजे रात्रीच्या बातम्या देणाऱ्या ज्या ब्रायन विल्यम्सने ते ऑक्टोबरचं निवेदन वाचलं होतं तो स्वतः फेब्रुवारीत सहा महिने सस्पेंड झाला होता, इराकमधल्या हेलिकॉप्टरचा खोटा किस्सा सांगितल्याबद्दल. त्या वर्षी त्या चॅनलवर विश्वासाचा दुष्काळच पडला होता म्हणायचं.

आमच्यातल्या एकीने चांगला मुद्दा काढला की हे बाईंपुरतंच राहिलं का? मला तरी वाटतं नाही. २३ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये गिनीहून आलेल्या क्रेग स्पेन्सर या डॉक्टरला इबोला निघाला. त्याने काहीच नियम मोडला नव्हता, लक्षणं यायच्या आधी तो मेट्रोने फिरला, बोलिंग खेळायला गेला, एवढंच. पण लोकांचा संयम संपला होता, दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी सक्तीचे २१ दिवस जाहीर केले. आणि त्यात सापडली केसी हिकॉक्स ही नर्स, सिएरा लिओनमध्ये रुग्णसेवा करून आलेली, टेस्ट निगेटिव्ह, लक्षणं काही नाहीत, तरी नेवार्कच्या हॉस्पिटलमध्ये तंबूत ठेवली. तिने भांडण केलं, ती मेन राज्यात घरी गेली, आणि ३१ ऑक्टोबरला तिथल्या न्यायाधीशाने तिच्यावरची बंधनं बरीचशी उठवली. शास्त्र हिकॉक्सच्या बाजूने होतं, तसंच ते स्नायडरमनच्याही बाजूने होतं. पण हिकॉक्सने शब्द दिलाच नव्हता, तिने आधीच उघडपणे सांगितलं की मला हे मान्य नाही. तुम्हाला नियम पटत नसेल तर तो कबूल करायच्या आधी बोला, टीव्ही तर तुमच्याच हातात आहे. कबूल करून गॉगल लावून बाहेर पडलात की शास्त्राचा मुद्दाच मातीत जातो, आणि तो हिकॉक्ससारखीला परत पहिल्यापासून मांडत बसावं लागतं. सूपमुळे गव्हर्नरांनी नियम काढला असं मी म्हणत नाहीये, तसं म्हणता येणार नाही. पण हवा तापवायला त्याचाही हातभार लागलाच.

मग करायला काय हवं होतं, यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. यूट्यूबवाली म्हणाली, अगं सोनं होतं ते, घरातून रोज दोन मिनिटांचा व्हिडिओ! सकाळचा थर्मामीटर कॅमेऱ्यासमोर, आज आठवा दिवस, ९८.२, मला कंटाळा आलाय, मला सूप खायचंय, कुणीतरी गेटवर ठेवून जा, आणि का बाहेर पडत नाही ते ऐका. २१ दिवसांत देशाला इबोला शिकवून झाला असता. आणि खरंच, एवढ्या मोठ्या चॅनलला एक पार्सल दारात ठेवणारा माणूस मिळाला नसता का? मला वाटतं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण घरी बसणं हा सगळ्यांना बातमीचा खंड वाटला, बातमी ही दुसरीकडे, मनरोव्हियाला. आपलीही तीच सवय आहे, आरोग्याचं भाषण स्टेजवर असतं आणि डिश स्टेजच्या मागे.

शेवटी मी सगळ्यांना एक काम दिलं. त्या १३ ऑक्टोबरच्या निवेदनाच्या जागी मराठीत दोन वाक्यं लिहा, स्वतः बाई आहात असं समजून. पाच मिनिटं सगळे प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या कोऱ्या बाजूवर खरडत बसले. वाचून बघितलं तर सहापैकी पाच कागदांवर "पण" होता. मी बाहेर गेले पण गाडीतून उतरले नाही. माझं चुकलं पण मला लक्षणं नव्हती. त्या फिजिशियन मित्राच्या तर दोन वाक्यांत दोन "पण" होते आणि वर एक आकडा, तापाचा.

एकच कागद वेगळा निघाला, आमच्यातल्या बालरोगतज्ज्ञाचा, जो एरवी मीटिंगमध्ये फारसा बोलत नाही आणि व्याख्यानात पण पेपर बघून वाचतो. लिहिलं होतं: "२१ दिवस घरात राहीन असं मी सांगितलं होतं आणि मी बाहेर पडले. उरलेले दिवस घरातच आहे, येऊन बघा."

विचारलं त्याला, तू असं कधी म्हणालायस का रे कुणाला? तर म्हणाला, पेशंटला नाही अजून, बायकोला विचारून सांगतो.